मार्करबाईचा एक खरा डाव

चेंडू समोरच्या बाईच्या रॅकेटवर अलगद नेऊन ठेवायचा, हे माझं काम होतं. त्याचा मला पगार मिळायचा. आयुष्यभर टेनिस खेळून पोट भरलं असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या नऊवारीकडे बघतात आणि मग हळूच अमरावतीच्या संत्र्यांचा विषय काढतात. त्यांचं चुकत नाही. हल्ली दुपारी डोळा लागला की मलाही वाटतं, हे सगळं झोपेतच झालं असावं. चारी बाजूंनी पांढरी कनात, मध्ये शेणानं सारवलेलं कोर्ट, कापसाच्या जिनातून उडालेले रुईचे पुंजके वरून तरंगत उतरताहेत, आणि त्यातला कुठला पुंजका नि कुठला चेंडू हे ओळखायच्या आत तो माझ्या रॅकेटवर येऊन टेकलेला.

माझं शिक्षण मराठी तिसरी. लिहिताना हात कापतो. तेव्हा अधिकउणं सांभाळून घ्यावं.

मार्कर म्हणजे काय ते आधी सांगते. मोठ्या लोकांच्या क्लबात तेव्हा एक पगारी खेळाडू ठेवलेला असे. ज्याला जोडीदार नाही त्याच्याशी खेळायचं, नवख्याला शिकवायचं, रॅकेटची तात सैल पडली तर ओढून द्यायची, दमट चेंडू उन्हात वाळवायचे. माझे वडील घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या गावी मार्कर होते. पावसाळ्यात तिथला क्लब बंद, मग ते कोकणात घरी यायचे. हात विसरू नये म्हणून मला पडवीच्या एका टोकाला उभं करायचे आणि स्वतः दुसऱ्या टोकाला. बाहेर पाऊस कोसळतोय आणि पडवीत टप्-टप् चेंडू. "बाय, मारू नको," ते म्हणायचे. "पोचव. पाहुण्याला पाट मांडतात ना, तसा चेंडू मांड." त्यांना मुलगा नव्हता आणि मी शाळेत रमत नव्हते. मी पाट मांडायला शिकले.

वडील गेले तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. त्या थंड हवेच्या गावी उन्हाळ्यात येणाऱ्या एका इंजिनीअरसाहेबांच्या पत्नीनं, माईंनी, मला तिथे, वडिलांकडे गेले असताना, कोर्टाच्या कडेला खेळताना पाहिलं होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. साहेबलोकांची बदली नागपूरच्या हुकमानं कुठेही होई. माईंच्या साहेबांची अमरावतीला झाली आणि तिथे बायकांचा क्लब निघाला. पडदा पाळणाऱ्या घरच्या बायकाही येणार, म्हणून कोर्टाभोवती कनात. कनातीच्या आत पुरुष मार्कर चालायचा नाही. माईंनी आईला निरोप धाडला, आणि मी एक ट्रंक आणि वडिलांची रॅकेट घेऊन निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलताना वाऱ्यात समुद्राचा वास शोधत होते. धुळीचा येत होता आणि कापसाचा. इतक्या लांब मी पुन्हा कधी आले नाही, कारण मग परत गेलेच नाही.

दोन वर्षांनी माईंची बदली झाली, त्या गेल्या. मी राहिले. घरी आई आणि धाकट्या बहिणी माझ्यावर. दर महिन्याच्या अखेरीला मला वाटायचं, आता कुणीतरी विचारेल की ही परगावची पोर कशाला पोसायची आपण? कुणी विचारलं नाही. अमरावतीच्या त्या बायकांचे उपकार मी अजून मोजू शकलेले नाही. पण भीती गेली नाही ती नाहीच.

रस्त्यापलीकडच्या पुरुषांच्या क्लबात करीमचाचा नावाचे म्हातारे मार्कर होते. मी आले तशी त्यांनी मला धंद्याचं एकच गुपित सांगितलं. त्यांच्या हाताखालच्या एका तरण्या मार्करनं भर संध्याकाळी, सगळ्यांसमोर, एका वकीलसाहेबांना हरवलं होतं. पुढच्या आठवड्यात तो दिसला नाही. "बेटी," चाचा म्हणाले, "हारना भी हुनर है. साहेबले वाटलं पाहिजे, आपनच जिंकलो."

ते हुनर मी ज्यांच्यावर पाजळलं त्या काकीसाहेब. अंजनगावाकडच्या देशमुख घराण्यातल्या, विधवा, साठीच्या आसपास, आमच्या क्लबाच्या अध्यक्ष. घरचे पानमळे होते. तोंडात कायम विडा. पायात काही न घालता खेळायच्या. "सारवलेल्या भुईवर चपला घालून नाचू का?" म्हणायच्या. टेनिसच्या मोजणीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. "पंधरा अन् पंधरा तीस, तीस अन् पंधरा पंचेचाळीस. अन् हे म्हन्तेत चाळीस! कोन्या बनियानं मोजलं वं हे?" रोज सकाळी त्या एक डाव खेळत आणि रोज जिंकत. त्यांना जिंकवणं सोपं नव्हतं. गुडघे धरलेले, त्यामुळे दोन पावलांपलीकडचा चेंडू त्यांच्या कामाचा नाही. शिवाय मी मुद्दाम हरतेय असा संशय आला तर संपलंच. म्हणून दोन गेम अटीतटीचे करायचे, एखादा घ्यायचा, मग धाप लागल्यासारखं करून चेंडू जाळीत घालायचा. डाव संपला की त्या शेंदूरजन्याहून आलेल्या टोपलीतलं एक संत्रं माझ्या हातावर ठेवत. "खा. थकली तू." मी ते सोलून खाई आणि मनात म्हणे, आजचा दिवस निभला.

कोर्टाचीही थोडी हकिगत सांगायला हवी. वऱ्हाडची काळी माती टेनिसला कामाची नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणून मुरूम टाकून वर पांढरी माती दाबलेली, आणि तिच्यावर शेणाचं सारवण. सारवायला अनसूया यायची. तिचा हात असा की कोर्ट वाळल्यावर चेंडू सारखा उसळे. पण सारवलेली भुई तशीच सोडायला ती तयार नव्हती. "घर असो की खेळ असो, सारवलं की रांगोळी पडलीच पाहिजे. नाहीतर मयताच्या घरावानी दिसते." चुन्याच्या रेघा ती रांगोळी मानत नव्हती. त्यावर कमिटीत चर्चा झाली. एका शिकलेल्या बाई म्हणाल्या, हे नियमात नाही. काकीसाहेबांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि निकाल दिला, "ठिपका देजो एकेक. कोपऱ्यात." तेव्हापासून आमच्या कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत, रेघेच्या आत, रांगोळीचा एकेक ठिपका असे, बंद्या रुपयाएवढा.

आणि त्या ठिपक्यांना तारे म्हणणारी झुबेदाबी. कापसाच्या एका व्यापाऱ्याची सून, माझ्याच वयाची. टांग्याला पडदे लावून यायची, कनातीच्या आत आली की बुरखा खुंटीला लावायची आणि वाऱ्यासारखी सुटायची. मी शिकवलेल्यांत तिच्यासारखी दुसरी झाली नाही. फक्त मारायची इतकं जोरात की चेंडू कनातीवरून बाहेर. बाहेर म्हातारा चौकीदार बसलेला. आत बघायचं नाही म्हणून तो पाठ करून चेंडू मागच्या मागे फेकायचा, आणि असा एक चेंडू एकदा काकीसाहेबांच्या चहात पडला होता.

पहिल्या महिन्यातच झुबेदाबी जाळीजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमी मले देऊन राहिल्या."

"काय दिलं?"

"चेंडू. जिथं माहा हात, तिथंच येते थो. एक डाव सच्चा खेळा ना."

"हाच सच्चा," मी म्हणाले.

"कसम खा."

मी चेंडू गोळा करायला वळले. तिनं पुढे कितीदा तरी विचारलं आणि मी कितीदा तरी वळले. खरं सांगायचं तर मलाही एकदा जिंकायला खेळायचं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की मी मनात खेळायची, आणि समोरचीला चेंडू सापडत नसे. पण सकाळी करीमचाचांचा तो तरणा मार्कर आठवे.

एका हिवाळ्यात अकोल्याच्या बायकांनी सामन्याचं बोलावणं पाठवलं. आम्ही जनान्या डब्यातून गेलो. काकीसाहेब, झुबेदाबी, तिची एक म्हातारी चुलतसासू राखणीला, आणि चेंडूंची टोपली घेऊन मी. कापसाचा हंगाम होता. अकोल्याच्या कोर्टावर रुईचे पुंजके असे फिरत होते की कुणीतरी वर गादी पिंजतंय. ऐनवेळी आमच्या दुसऱ्या खेळाडू बाईंचा ताप उतरला नाही असा निरोप आला. काकीसाहेब म्हणाल्या, "आमची मार्करबाई खेळीन." मी टोपली खालीसुद्धा ठेवली. पण अकोल्याच्या चिटणीसबाई शांतपणे म्हणाल्या, "माफ करा, त्या पगारी आहेत. पगारी खेळाडूला सामन्यात उतरता येत नाही. सगळीकडे हाच नियम आहे." तो तसा होताच. मी टोपली उचलली.

झुबेदाबीसमोर अकोल्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. उंच, अबोल, पाचवारीचा पदर खोचून खेळणाऱ्या. त्यांच्या हातात झुबेदाबीच्या निम्मंही बळ नव्हतं. पण त्यांचा चेंडू डावीकडे पडे, झुबेदाबी पोचेपर्यंत पुढचा उजवीकडे. ती धावत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. घटकाभरात सगळं आटोपलं.

परतीची गाडी निघाली. मूर्तिजापूर गेलं. काकीसाहेब पेंगत होत्या. झुबेदाबी खिडकीच्या झडपेच्या फटीतून बाहेरचा मावळता उजेड बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, तिचा चेंडू माह्यापासून पळत होता. तुमचा माह्याकडं येते. पळनारा चेंडू मले कोन शिकवीन?"

बडनेरा आलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, उद्या लवकर या, कुणी यायच्या आत. ती आली. पहाटेचं धुकं कनातीवर टेकलेलं, सारवण नुकतं वाळलेलं, कोपऱ्यांत पांढरे ठिपके. मी ठरवून जिंकायला खेळायला लागले, आणि जमेना. मी उजवीकडे दूर मारायचं ठरवायची आणि चेंडू जाऊन तिच्या रॅकेटवर बसायचा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. कंबर वळे, पाय वळत, पण मनगट शेवटच्या क्षणी पाट मांडायचं ते मांडायचंच. इतकी वर्षं मी समोरचीचा हात बघत आले होते. बघेन तिथे चेंडू जाणार, दुसरं काय होणार? मी कोर्टाच्या मध्यावर उभी राहून रडकुंडीला आले.

झुबेदाबीच हसली. "बाई, मले पाहूच नका. मी नाईच हाओ. ते तारे पाहा. ताऱ्याले द्या चेंडू."

मी तिच्याकडे बघणं सोडलं. समोर कोर्ट रिकामं आहे असं धरलं आणि त्या रुपयाएवढ्या ठिपक्याला पाट मांडला. चेंडू ठिपक्यावर पडला, पांढरी भुकटी उडाली, आणि झुबेदाबी दोन हात लांब राहिली.

"हाय अल्ला," ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

मग काय झालं ते सांगणं कठीण आहे. डावा तारा, उजवा तारा. धुकं, धुक्यातून तिचे धावणारे पाय, आणि माझ्या हातात माझे वडील नाहीत, चाचा नाहीत, कुणी नाही, फक्त मी. पगार आठवला नाही. आई आठवली नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. पण नाही आठवली. मी तो डाव जिंकले. ती घामाघूम होऊन जाळीवर रेलली आणि म्हणाली, "आता आली मजा."

तेव्हा मागे कुणीतरी खाकरलं.

कनातीच्या दाराशी काकीसाहेब उभ्या होत्या. हातात रॅकेट, अंगावर शाल. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. सभासदाला मार्करनं हरवलं होतं, आणि ते अध्यक्षांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, मला कसं खेळता येतं हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे इतक्या वर्षांच्या आपल्या रोजच्या जिंकण्याचा अर्थ त्यांना आता कळला असणार. माझ्या डोळ्यांसमोर माझी ट्रंक आली, दोरी बांधलेली.

"काकीसाहेब, मी..." मी म्हणाले.

त्यांनी शाल खुंटीवर, झुबेदाबीच्या बुरख्याशेजारी टाकली. "सर वं पोरी," झुबेदाबीला म्हणाल्या, आणि तिच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मग मला, "आता माह्यासंग. तसाच."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माहे हायेत. तू काहून भेऊन राहिली? खेळ."

मी झुबेदाबीकडे पाहिलं. ती चुन्याच्या रेघेकडे बघत होती. दिला तर यांचा अपमान, न दिला तर नोकरी जाणार, असं त्या घटकेला वाटलं. त्यांनी सुरुवातीचा चेंडू टाकला आणि मी डाव्या कोपऱ्यातला ठिपका बघून मारला.

भुकटी उडाली. काकीसाहेब जागच्या हलल्या नाहीत. मान वळवून ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. चेंडू कनातीला लागून परत त्यांच्या पायाशी आला. "असा असते व्हय खेळ," त्या हळूच म्हणाल्या. "हां. दुसरा."

दुसरा उजवीकडे. तिसरा पुन्हा डावीकडे. माझा एकही चेंडू त्यांच्या हाताला लागला नाही. मोजणी त्या स्वतःच मोठ्यानं करत होत्या, माझ्या बाजूची, आणि चाळिसाला या वेळी काही बोलल्या नाहीत. गेमामागून गेम गेले. माझे डोळे भरून आले होते, तरी मी फक्त ठिपके बघत होते, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर मनगटानं पुन्हा पाट मांडला असता.

शेवटच्या गेमात मी उजव्या ठिपक्याकडे पाहिलं आणि मारला. चेंडू ठिपक्यापाशी पोचला तेव्हा काकीसाहेब तिथे आधीच उभ्या होत्या. दोन पावलं त्यांनी माझा हात हलायच्या आतच टाकली होती. अनवाणी पाय ठिपक्याशेजारी रोवून त्यांनी रॅकेट नुसती पुढे धरली. चेंडू तिच्यावर आपटून माझ्या डाव्या अंगानं निघाला. मी झेपावले. माझी रॅकेट पोचली नाही. चेंडू रेघेच्या आत पडला, उसळला, कनातीला लागला.

बाहेर चौकीदार खोकला.

"हा तुनं देल्ला," काकीसाहेबांनी विचारलं, "का म्या घेतला?"

"घेतला, काकीसाहेब."

"खरं सांगजो."

"खरंच घेतलात. मला पोचता आलं नाही. तुम्ही आधीच कशा तिथे?"

"तू मारायच्या पयले ठिपक्याकडे पाह्यते. म्या तुह्या डोळ्याकडे पाह्यलं." त्यांनी धाप आवरत विडा थुंकायला जागा शोधली, सारवलेल्या भुईवर थुंकवेना म्हणून तसाच गिळला. "बाकीचे एवढे वर्सं तुनं देल्ले, ते मले कयत नव्हतं असं वाटलं का तुले? कयत होतं. पन म्हटलं, लेकरू दूर गावावून आलं, भेऊन राह्यलं, देऊ दे त्याले." मग अनसूया बादली घेऊन आत येत होती तिला हाक मारली, "अनसूये, उजवीकडचा तो ठिपका पुसजो नको."

पुढच्या बैठकीत काकीसाहेबांनी सांगून टाकलं की यापुढे जी मागेल तिच्याशी मार्करबाई खरी खेळेल. दोघी-तिघी यायच्या थांबल्या. बाकीच्या हरून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. माझी ट्रंक खाटेखालीच राहिली.

पुढल्या हिवाळ्यात अकोल्याच्या बायका आमच्याकडे आल्या. मी नियमाप्रमाणे टोपली घेऊन कडेला. झुबेदाबी पुन्हा हरली, पण या खेपेला तीन डाव झाले आणि डॉक्टरीणबाईंचा पदर सुटून दोनदा खोचावा लागला. मधेच त्यांचा एक चेंडू उजव्या कोपऱ्यात पडला आणि वेडावाकडा उसळला. अनसूया वर्षभर त्या ठिपक्याभोवतीनं सारवत आली होती. भोवतालची भुई थराथरानं चढली होती आणि वीतभर जागा खाली राहिली होती. डॉक्टरीणबाई जाळीपाशी आल्या. "इथे खळगा कसा?"

मी मान खाली घालून चेंडू मोजायला लागले. काकीसाहेब खुर्चीवरून उठल्या, सामना थांबवून, गुडघ्यांवर हात देत कोर्टाच्या त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. मला रोज हरवल्याचं त्या कधी कुणापाशी बोलल्या नव्हत्या.

"डॉक्टरीनबाई," त्या म्हणाल्या, "इथं उभी राहून म्या आमच्या मार्करबाईपासून एक घेतला."